जॉबवर्कचा डॉलर

मुंबईच्या टांकसाळीत 1895 पासून 1935 पर्यंत जो ब्रिटिश व्यापारी डॉलर पाडला गेला, त्याची नोंद नाणकशास्त्राच्या ग्रंथांत साम्राज्याच्या अनेक चलनांपैकी एक म्हणून होते, आणि त्याचा इतिहास लंडनचे हुकूम, हाँगकाँगच्या बँका व चीनची बंदरे यांच्या अंगाने सांगितला जातो. ज्या कारखान्यात तो घडला त्याच्या अंगाने तो क्वचितच सांगितला गेला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात डाय, पंच आणि प्रेस, म्हणजे ठसे व ते दाबणारी यंत्रे, यांच्या सहवासात नोकरी काढलेल्या माणसाच्या हाती हे नाणे आले, तर चलनाच्या सिद्धान्तांआधी त्याला त्यात एक ओळखीचे काम दिसते. माल गिऱ्हाइकाचा, ड्रॉइंग गिऱ्हाइकाचे, बाजारपेठ गिऱ्हाइकाची आणि आपली फक्त घडणावळ, अशा कामाला भोसरीच्या गाळ्यांत जॉबवर्क म्हणतात, आणि हा डॉलर मुंबईने चाळीस वर्षे केलेले चांदीचे जॉबवर्क होता. प्रस्तुत लेखकाची नोकरी आधी भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे डाय घडवणाऱ्या विभागात, आणि पुढे चाकणच्या एका प्रेसशॉपमध्ये, म्हणजे ते डाय प्रेसवर चालवणाऱ्या विभागात, झाली असल्याने या विवेचनाला त्या अनुभवाचा कल आहे, हे आरंभीच नमूद करणे योग्य ठरेल.

व्यापारी नाणे म्हणजे असे नाणे, की जे पाडणाऱ्या देशात खर्चले जावे अशी अपेक्षाच नसते, तर परक्या बाजारात केवळ वजन आणि कस यांच्या भरवशावर ते घेतले जावे यासाठी ते पाडलेले असते. कस म्हणजे मिश्रधातूतील शुद्ध चांदीचे प्रमाण; ते हजाराच्या हिशेबात सांगतात, त्यामुळे 900 कसाच्या नाण्यात नऊशे भाग चांदी आणि उरलेले शंभर भाग तांबे असते. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर हे काम दीर्घकाळ स्पेनच्या अमेरिकेतील टांकसाळींच्या डॉलरने आणि 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर मेक्सिकन डॉलरने केले. मेक्सिकन डॉलर 27 ग्रॅमहून किंचित जड आणि 902.7 कसाचा होता. कँटनच्या व्यापाऱ्याला त्यावरील गरुडाशी किंवा मेक्सिकोच्या सत्तेशी काही कर्तव्य नव्हते, गोण्यांमागून गोण्या आल्या तरी नाणे तेच राहते, एवढा त्याचा अनुभव त्याला पुरेसा होता. अडचण पुरवठ्याची होती. मेक्सिकोतील लढाया, खाणींचे उत्पादन आणि जहाजांच्या फेऱ्या यांवर सारा आग्नेय आशियाई व्यापार अवलंबून असे, आणि टंचाई झाली की त्या नाण्यावर त्यातील चांदीच्या किमतीहून वरचढ भाव द्यावा लागे.

ही जागा घेण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. ब्रिटिशांनी 1866 साली हाँगकाँगमध्ये टांकसाळ उघडून 416 ग्रेन वजनाचा आणि 900 कसाचा डॉलर पाडला (ग्रेन हे सोन्याचांदीच्या तोलातील इंग्रजी माप असून साधारण साडेपंधरा ग्रेनांचा एक ग्रॅम होतो). परंतु खर्च निघेना, म्हणून दोनच वर्षांत ती बंद झाली आणि तिची यंत्रे जपानने विकत घेतली. ती ओसाकाच्या टांकसाळीत बसली, तेथे 1871 पासून काम सुरू झाले, आणि जपानचा चांदीचा येन त्याच 416 ग्रेनांचा, त्याच 900 कसाचा निघाला. जुनी मशीन विकत घेणाऱ्याबरोबर तिच्यावर चालणाऱ्या मापांची सवयही जाते, हे भोसरीत वापरलेल्या प्रेसची खरेदी-विक्री पाहिलेल्या कोणालाही पटावे. अमेरिकेने 1873 साली 420 ग्रेनांचा व्यापारी डॉलर काढला आणि नाण्यावरच वजन व कस कोरून टाकले. फ्रान्सने इंडोचीनसाठी 1885 पासून जी पियास्त्र पाडली ती 27.215 ग्रॅमची, म्हणजे मेक्सिकन डॉलरहून जड होती. परिणामी ती वितळवण्यासाठी व साठवण्यासाठी बाजारातून नाहीशी होऊ लागली आणि 1895 साली तिचे वजन 27 ग्रॅमवर आणावे लागले. ड्रॉइंगने मागितले त्याहून जास्त माल गिऱ्हाइकाला दिला तर त्यातून दर्जा वाढत नाही, तोटा वाढतो, हे टूलरूममध्ये नव्या मुलाला पहिल्याच दिवसांत सांगितले जाते. फ्रेंच अर्थखात्याला ते समजायला दहा वर्षे लागली.

मुंबईची टांकसाळ या चित्रात कशी आली, हे समजण्यासाठी 26 जून 1893 या दिवसाकडे जावे लागते. ही टांकसाळ फोर्टमध्ये, आजच्या शहीद भगतसिंग मार्गावर रिझर्व्ह बँकेसमोर, 1820 च्या दशकात भरावाच्या जमिनीवर उभी राहिली. मुंबई इंजिनियर्सचे मेजर जॉन हॉकिन्स यांनी ती बांधली आणि तिची वाफेवर चालणारी यंत्रे इंग्लंडमधील सोहो कारखान्याची होती. तीन वाफेची इंजिने आणि दिवसाला दीड लाख नाण्यांची क्षमता हा त्या काळच्या मानाने प्रचंड व्याप होता. त्यापूर्वीच्या पद्धतीशी तुलना करायची झाली तर दूर जाण्याचे कारण नाही, कारण पेशवाईच्या उत्तरार्धात खुद्द चिंचवडला टांकसाळ चालत होती. त्या काळच्या मराठी टांकसाळींत ठसा हातोड्याने मारला जाई आणि ठसा चकतीहून मोठा असल्याने नाण्यावर अक्षरांचा निम्माशिम्माच भाग उमटे. त्यामुळे एकाच ठशाखालून निघालेले दोन रुपयेसुद्धा एकमेकांसारखे नसत. वाफेच्या प्रेसने ही विविधता संपवली, आणि पाठोपाठ 1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलुखासाठी एकच रुपया ठरवून गावोगावच्या टांकसाळींचे दिवसही भरत आणले.

त्या कायद्याच्या रुपयामागे मुक्त टंकनाची पद्धत होती, म्हणजे कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत यावे, ठरलेली घडणावळ द्यावी आणि रुपये घेऊन जावे. 1870 च्या दशकापासून जर्मनीसह अनेक देश सोन्याच्या चलनाकडे वळले, चांदीचा जागतिक भाव घसरला, आणि त्याबरोबर रुपयाचा इंग्लंडशी असलेला विनिमय दर दोन शिलिंगांच्या आसपासून 1892 पर्यंत सव्वा शिलिंगाच्या घरात आला. लंडनला दरवर्षी पाठवायची देणी रुपयांत महाग होऊ लागल्याने सरकार हवालदिल झाले, आणि या चलनप्रश्नासाठी नेमलेल्या हर्शेल समितीच्या अहवालानंतर 26 जून 1893 रोजी भारतीय टांकसाळी सर्वसामान्यांच्या चांदीला बंद झाल्या. या निर्णयाची आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विनिमय व्यवस्थेची चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1923 साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात केली असून, चलनविषयक वादात शिरू इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला त्याला वळसा घालून जाता येत नाही. येथे मात्र या निर्णयाची एक कारखानदारी बाजू पाहायची आहे, ती अशी की देशातील सर्वांत मोठ्या प्रेसशॉपांपैकी एक एका दिवसात कामावाचून बसले. भट्ट्या होत्या, रोलिंग मिल होती, प्रेस होत्या, प्रशिक्षित माणसे होती, ऑर्डर नव्हती.

असे रिकामे बसलेले कारखाने काय करतात, हे पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. मोठ्या कंपनीचे शेड्यूल कमी झाले की तिच्यावर अवलंबून असलेला गाळा आपल्या प्रेसला साजेसे दुसरे काम शोधू लागतो, मग ते वाहनाचे असो, पंख्याचे असो की परदेशी जाणाऱ्या बिजागरीचे. याच सुमारास हाँगकाँग आणि स्ट्रेट्स सेटलमेंट्स, म्हणजे सिंगापूर, पिनांग व मलाक्का या ब्रिटिश वसाहती, डॉलरच्या टंचाईबद्दल तक्रारी करत होत्या. 2 फेब्रुवारी 1895 च्या शाही हुकुमाने नव्या ब्रिटिश डॉलरला मान्यता मिळाली, त्याचे वजन 416 ग्रेन आणि कस 900 ठरला, आणि काम मुंबईच्या टांकसाळीकडे आले. हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि ओसाकाला गेलेले ते माप असे फिरून ब्रिटिशांच्याच पदरात पडले. यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. टांकसाळी बंद केल्याने चांदीच्या मानाने रुपया महाग झाला, त्यामुळे चांदीच्या चलनात व्यवहार करणाऱ्या चीनला सूत विकणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांना फटका बसला आणि गिरणीमालकांनी त्याबद्दल ओरड केली. आणि त्याच धोरणाने रिकाम्या झालेल्या टांकसाळीला त्याच चीनसाठी नाणी पाडण्याचे काम मिळाले. सरकारी धोरणाने गिरणगावाचे जे नुकसान झाले त्याची भरपाई फोर्टमधील या कामाने झाली असे कोणी म्हणू नये, दोन्हींची मापे फार वेगळी आहेत. परंतु एकाच शहराने एकाच निर्णयाचे दोन टोकांचे परिणाम एकाच वेळी पाहिले, हे खरे.

1893 नंतर एकाच इमारतीत पाडल्या जाणाऱ्या दोन नाण्यांचा स्वभाव किती वेगळा होता, हे आकड्यांतून नीट दिसते. रुपया 180 ग्रेनांचा, म्हणजे नेमका एक तोळ्याचा, आणि त्यातील शुद्ध चांदी 165 ग्रेन. डॉलरमधील शुद्ध चांदी 374.4 ग्रेन, म्हणजे रुपयाच्या सव्वादोन पटींहून थोडी अधिक. मुक्त टंकन चालू राहिले असते, तर हे गुणोत्तर म्हणजेच दोघांचा दर ठरला असता. टंकन बंद झाल्यावर रुपयाची किंमत सरकारने किती रुपये बाहेर सोडायचे यावरून ठरू लागली आणि ती त्यातील चांदीच्या वर चढली, तर डॉलर मात्र आपल्या चांदीलाच चिकटून राहिला. एकाच छपराखाली एक नाणे कायद्याच्या बळावर चालणारे आणि दुसरे धातूच्या बळावर चालणारे, अशी ही स्थिती होती, आणि गिऱ्हाईक धातू मोजून घेणारे असल्याने दुसऱ्या नाण्यात चुकीला जागा कमी होती. डॉलरची व्यवस्था जुन्या मुक्त टंकनाचीच राहिली: चांदी बँकांनी द्यायची, टांकसाळीने घडणावळ घेऊन डॉलर पाडून द्यायचे, आणि ते जहाजाने पूर्वेकडे जायचे.

नाणे 39 मिलिमीटर व्यासाचे आणि सुमारे 26.96 ग्रॅमचे आहे. एका बाजूला समुद्रकिनारी उभी असलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचे स्त्रीरूप प्रतीक, एका हातात त्रिशूळ आणि दुसरा हात ढालीवर, मागे शिडाचे जहाज. हे चित्र लंडनच्या रॉयल मिंटचे खोदकार जॉर्ज विल्यम डी सॉल्स यांचे. दुसऱ्या बाजूला नक्षीच्या मध्यभागी दीर्घायुष्याचे चिनी चिन्ह आणि भोवती ‘एक डॉलर’ हा मजकूर चिनी अक्षरांत व अरबी वळणाच्या मलायी लिपीत. इंग्रजी मजकूर ब्रिटानियाच्या बाजूस आहे. राजाचा किंवा राणीचा मुखवटा नाही, आणि ज्या देशात नाणे घडले त्याच्या एकाही भाषेचे एकही अक्षर नाही. मुंबईची खूण त्रिशूळाच्या मधल्या पात्यावर कोरलेले बी हे बारीक रोमन अक्षर, आणि 1900 च्या आसपासच्या थोड्या वर्षांत कलकत्त्यात पडलेल्या नाण्यांवर सी. भिंगाशिवाय ते बी नीट दिसत नाही. चाकणहून परदेशी जाणाऱ्या प्रत्येक फोर्जिंगवर किंवा प्रेस पार्टवर गिऱ्हाइकाचे चिन्ह ठळक असते आणि बनवणाऱ्याचा व्हेंडर कोड एखाद्या आतल्या कोपऱ्यात, जिथे तो जुळणीनंतर झाकला जाईल अशा जागी, पंच केलेला असतो. त्या कोडाचा उपयोग श्रेय देण्यासाठी होत नाही, दोष निघाल्यास माल कोणाकडे परत पाठवायचा हे कळण्यासाठी होतो. टांकसाळीच्या खुणेचे मूळ कारणही तेच आहे, आणि त्रिशूळावरील बी पाहून मुंबईचा अभिमान वाटून घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

नाणे घडण्याची प्रक्रिया आजच्या प्रेसशॉपला परकी नाही. चांदी व तांबे मुशीत वितळवून त्यांच्या कांबी ओतायच्या, कस तपासायचा, कांबी रोलिंग मिलमधून काढून ठरावीक जाडीची पट्टी करायची, पट्टीतून गोल चकत्या, म्हणजे ब्लँक, कापायचे आणि उरलेली जाळी पुन्हा मुशीत टाकायची. रोलिंगने धातू कडक होतो, म्हणून ॲनिलिंग, म्हणजे भट्टीत तापवून तो पुन्हा मऊ करणे, आवश्यक असते. ते नीट झाले नाही तर ठसा पूर्ण भरत नाही किंवा डाय लवकर तडकतो. नंतर ब्लँकची कड उभारायची, सौम्य आम्लात धुवायचे, तोलायचे आणि मग प्रेसमध्ये वरचा डाय, खालचा डाय व भोवतीची कॉलर, म्हणजे कंगोरेदार कडी, यांच्या मध्ये दाबायचे. या शेवटच्या क्रियेला कारखान्यात आजही कॉइनिंग म्हणतात, आणि वाहनांच्या कामात जिथे पृष्ठभाग अगदी सपाट किंवा जाडी अगदी नेमकी हवी असते तिथे ती रोज वापरली जाते. साध्या बेंडिंगमध्ये किंवा ड्रॉइंगमध्ये, म्हणजे पत्रा वाकवताना किंवा ओढून खोलगट करताना, पत्र्याला सरकायला जागा असते; कॉइनिंगमध्ये धातू सर्व बाजूंनी कोंडलेला असतो, त्याला डायच्या खोलगट भागांत शिरण्यावाचून वाट नसते, आणि म्हणूनच लागणारा दाब कितीतरी पट अधिक असतो. या आकाराच्या चांदीच्या चकतीला आजच्या हिशेबाने शंभर टनांच्या वर भार सहज लागावा. ब्लँक अंशभर जाड आला तर सारा ताण डायवर जातो, आणि डाय फुटल्याचा जो आवाज प्रेसशॉपभर घुमतो तो ऐकल्यावर सेटरला, म्हणजे प्रेसवर डाय बसवणाऱ्याला, ब्लँकची जाडी तपासण्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही.

डाय ही या धंद्यातील सर्वांत महाग वस्तू, आणि ती जपण्याची धडपड या डॉलरवर जागोजाग दिसते. एका मूळ ठशावरून उलटसुलट छाप घेत कामाचे डाय तयार करायचे, ते हार्डनिंग-टेम्परिंग करून, म्हणजे तापवून-विझवून आधी कडक आणि मग थोडे चिवट करून, प्रेसवर चढवायचे, अशी साखळी असते. वर्ष संपले आणि डाय अजून चांगला असला, तर सालातील आकडा बदलून तोच पुढे वापरायचा, हा व्यवहारी उपाय टांकसाळीने केलेला दिसतो. काही सालांच्या नाण्यांवर नव्या आकड्याखाली जुन्या आकड्याच्या रेषा भिंगातून स्पष्ट दिसतात, आणि संग्राहक अशा नाण्यांना जास्त भाव देतात. टूलरूमच्या दृष्टीने ते निव्वळ रीवर्क आहे, आणि चांगले रीवर्क आहे. तसेच काही नाण्यांवर ब्रिटानियाच्या अंगावरून किंवा अक्षरांमधून जाणारी केसासारखी उंचावलेली रेघ दिसते. ती नाण्यावरचा ओरखडा नसून डायला गेलेल्या तड्याची छाप असते, कारण ओरखडा खोल असतो आणि तड्यात शिरलेला धातू वर येतो. पुस्तकात हा फरक एका वाक्यात सांगितलेला असतो, पण तो बोटाच्या टोकाने ओळखायला प्रेसखालून निघालेले पार्ट बरीच वर्षे चाचपावे लागतात.

माल बंदरात पोहोचल्यावर त्याची जी तपासणी होई तीही औद्योगिक पट्ट्यातील माणसाला ओळखीची वाटेल. चिनी सराफ नाणे वाजवून, तोलून पाहत आणि पसंत पडले की त्यावर आपल्या पेढीचे अक्षर पोलादी पंचने ठोकत. या खुणेला चॉप म्हणतात. नाणे जितके हात बदले तितके चॉप वाढत, इतके की काही नाणी वाटीसारखी खोलगट झाली आणि मूळचे चित्र ओळखू येईनासे झाले. नाणेसंग्राहकांच्या एका पिढीने चॉप असलेली नाणी खराब म्हणून बाजूला टाकली, हे आश्चर्याचे आहे. प्रेसशॉपमध्ये आवक तपासणीचा शिक्का नसलेला मालच संशयास्पद मानला जातो, आणि व्यापारी नाण्याने आपले काम केल्याचा चॉपइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

मागणीचा आलेख चढउतारांचा आहे. मुंबईत 1899 साली 3 कोटींहून अधिक डॉलर पडले. 1900 साली, रुपयाचे टंकन पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झाले तेव्हा, ही संख्या 91 लाखांपर्यंत उतरली, आणि कलकत्त्याचा सी याच सुमारास दिसू लागतो, यावरून क्षमतेची ओढाताण झाली असावी असे अनुमान निघते. 1902 साली संख्या पुन्हा 3 कोटींवर गेली आणि 1903 साली 40 लाखांच्याही खाली आली. हा शेवटचा उतार गिऱ्हाइकाने घडवला. स्ट्रेट्स सेटलमेंट्सने 1903 साली स्वतःचा वेगळा डॉलर काढण्याचे ठरवून ब्रिटिश व मेक्सिकन डॉलरच्या आयातीवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी ते चलनातून काढले. गंमत अशी, की एडवर्ड राजाचा मुखवटा असलेला हा नवा डॉलरसुद्धा मुंबईतच पाडला गेला, आणि त्यासाठीची चांदी मोठ्या प्रमाणावर चलनातून गोळा केलेल्या जुन्या डॉलरांचीच होती. मुंबईत पडून सिंगापूरला गेलेले नाणे मुंबईला परत आले, वितळले आणि दुसऱ्या ड्रॉइंगप्रमाणे पुन्हा सिंगापूरला रवाना झाले. मॉडेल बदलले की जुने टूल स्क्रॅपमध्ये, नवे टूल प्रेसवर, आणि पुरवठादार तोच, असा अनुभव चाकणमध्ये नित्याचा आहे. दरम्यानच्या महिन्यांत कंत्राटी माणसांचे काय होते, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच कागदावर येत नाही.

चीनच्या बंदरांतील मागणी त्यानंतरही टिकून राहिली, आणि 1911 साली, जेव्हा चीनमध्ये मांचू सत्ता कोसळत होती, मुंबईने 3 कोटी 70 लाखांहून अधिक डॉलर पाडले. पहिल्या महायुद्धाने मात्र चांदीचा प्रवाहच उलटा केला. भारतात कागदी नोटांच्या बदल्यात रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली, सरकारकडची चांदी आटली, आणि 1918 च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या तिजोरीतील सुमारे 26 कोटी चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. परदेशासाठी डॉलर घडवणाऱ्या देशाला परदेशी डॉलर वितळवून आपला रुपया सावरावा लागला. 1921 साल कोरलेले सुमारे 50 हजार ब्रिटिश डॉलर मुंबईत पडले, पण ते चलनात आले नाहीत, म्हणून आज ते अत्यंत दुर्मिळ आहेत. 1925 आणि 1930 साली लंडनच्या रॉयल मिंटनेही हा डॉलर पाडला, आणि त्या नाण्यांवर टांकसाळीची कोणतीच खूण नाही. मुख्य कंपनीला आपल्या मालावर व्हेंडर कोड घालण्याची गरज वाटत नाही, असे याबद्दल म्हणता येईल.

दुर्मिळतेमुळे बनावट नाणी आली, आणि याच वाटेने हे नाणे औद्योगिक पट्ट्यात पोहोचते. पुण्याच्या जुन्या बाजारात व्यापारी डॉलर म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांत नकली मालाचे प्रमाण मोठे आहे, आणि हौसेने ते घेतलेले सहकारी मित्र टूलरूममध्ये तपासून मागतात, हा प्रस्तुत लेखकाचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. तपासणीला लागणारी साधने तिथे असतातच. व्हर्नियरवर व्यास आणि काट्यावर वजन पाहिल्यानंतर विशिष्ट गुरुत्व काढावे, म्हणजे नाणे हवेत आणि मग दोऱ्याने टांगून पाण्यात तोलावे: 900 कसाच्या चांदीचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 10.3 असल्याने अस्सल नाण्याचे वजन पाण्यात साधारण 2.6 ग्रॅमने कमी भरते, तर तितक्याच वजनाच्या पितळी नकलेचे 3 ग्रॅमहून अधिक घटते. लोखंडी गाभ्याचे नाणे चुंबकाला चिकटते आणि प्रश्न तिथेच मिटतो. योग्य कसाच्या चांदीत ओतलेली नक्कल मात्र या सर्व परीक्षांना उतरू शकते, आणि तिथे प्रेसशॉपची नजर कामी येते. दाबाने घडलेल्या नाण्यात धातू केंद्राकडून कडेकडे सरकलेला असतो आणि प्रकाशात तिरपे धरले असता ती चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग बारीक सच्छिद्र असतो, अक्षरांचे कोपरे गोलसर असतात आणि कंगोऱ्यांच्या तळाशी धार नसते. ज्याने डायकास्टिंगचा पार्ट आणि कॉइनिंगचा पार्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिला आहे, त्याला भिंग सहसा दुसऱ्या माणसाची खात्री पटवण्यापुरतेच लागते.

या डॉलरचा अंत त्याच्या गुणामुळेच झाला. धातूच्या बळावर चालणाऱ्या नाण्याला धातूचा भाव पडल्याइतकेच चढल्याचेही भय असते, आणि 1934 च्या अमेरिकन चांदी खरेदी कायद्याने जगातील चांदीचा भाव चढवला, तेव्हा चीनमधील चांदी देशाबाहेर ओघळू लागली. नोव्हेंबर 1935 मध्ये चीनने चांदीचे चलन सोडले आणि त्यापाठोपाठ हाँगकाँगनेही. मुंबईत त्या सालाचे 68 लाखांच्या आसपास डॉलर पडून तयार होते. त्यांतील बहुतेक पाठवले न जाता पुन्हा मुशीत गेले. तयार माल उभा असताना ऑर्डर रद्द होण्याचा हा प्रसंग होता, आणि चांदी असल्याने निदान स्क्रॅपची किंमत पूर्ण मिळाली, एवढे तरी सुदैव म्हणायचे. 1 ऑगस्ट 1937 रोजी ब्रिटिश डॉलरची कायदेशीर मान्यता संपली.

मुंबईच्या प्रेसखाली यानंतर आणखी एक व्यापारी नाणे आले, आणि ते याहून जुने होते. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा 1780 साली वारली. तिचा मुखवटा असलेला थालर इथिओपिया, येमेन आणि तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर इतका रुळलेला होता, की तिच्या मृत्यूनंतरही अनेक देशांच्या टांकसाळी 1780 हेच साल कोरून तो पाडत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतील मोहिमेसाठी आणि त्या भागातील खर्चासाठी ब्रिटिशांना हे नाणे हवे होते, आणि 1940-41 मध्ये मुंबईच्या टांकसाळीने ते मोठ्या संख्येने पाडले. त्याचा कस 833, वजन 28 ग्रॅमच्या किंचित वर. तिकडचे गिऱ्हाईक सम्राज्ञीच्या अंगावरील दागिन्यातले मोती मोजून नाणे घेत असे आणि चित्रात जरासा फरक दिसला तरी नाकारत असे, म्हणून ड्रॉइंगमध्ये कोणतीही सुधारणा करण्यास वाव नव्हता. त्या नाण्यावर ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञीचे नाव आहे, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे साल आहे, आणि या वेळी त्रिशूळाच्या पात्यावर असे तसे बीसुद्धा कुठे नाही.